लेस मॉनिटर: झाडावरची मोठी घोरपड अंगावरून कशी ओळखावी

पूर्व ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीच्या जंगलात, नदीकाठच्या रेड गमच्या (निलगिरीचाच एक प्रकार) रांगांत आणि कॅम्पिंगच्या मैदानांच्या कडेला एक मोठी घोरपड राहते. तिकडे तिला लेस मॉनिटर किंवा लेस गोआना म्हणतात; मॉनिटर आणि गोआना ही घोरपडींचीच तिकडची नावं. शास्त्रीय नाव वॅरॅनस वॅरियस. आपली घोरपड, म्हणजे वॅरॅनस बेंगालेन्सिस, याच वॅरॅनस वंशातली. सिडनी, ब्रिस्बेन, मेलबर्नमध्ये राहणारी मराठी मंडळी सुट्टीत जंगलाकडे वळली की हा प्राणी दिसतोच, आणि बहुतेक जण “केवढी मोठी घोरपड!” म्हणून एक फोटो काढून पुढे जातात. माझं म्हणणं असं, की दहा मिनिटं थांबा आणि तिचं शरीर एका क्रमाने वाचा. शेपटी, नख्या, गळा, जीभ, यांतला प्रत्येक अवयव झाडावरच्या जगण्याबद्दल काही ना काही सांगतो.

या क्रमात रंग मुद्दाम शेवटी ठेवला आहे. नवशिका माणूस आधी रंग बघतो आणि तिथेच फसतो, कारण एकाच प्रजातीची दोन अगदी वेगळी रंगरूपं आहेत आणि पिल्लांचा थाट तिसराच. शरीराची ठेवण मात्र तिन्हींत तीच असते.

जाण्याआधी

ऑस्ट्रेलियातले ऋतू आपल्या उलटे, हे पक्कं डोक्यात ठेवा. लेस मॉनिटर साधारण सप्टेंबर ते मे या काळात हिंडते. थंडीत झाडाच्या ढोलीत, पडलेल्या ओंडक्याखाली किंवा मोठ्या खडकाच्या आडोशाला पडून राहते. उन्हाळ्यातली सकाळ, ऊन खोडावर नीट पोचल्यानंतरची वेळ सगळ्यांत चांगली. त्या वेळी ती ऊन खात असते, हालचाल कमी असते आणि निरीक्षणाला सवड मिळते. एकदा अंग तापलं की ती निघते. अन्न शोधत एका दिवसात तीन किलोमीटरपर्यंत चालू शकते, तेव्हा तिच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

सोबत ८×४२ची दुर्बीण, वही, पेन्सिल, शिंप्याची मोजपट्टी आणि बऱ्यापैकी झूम असलेला कॅमेरा घ्या. मोजपट्टी कशाला ते पुढे येईल. पायात बंद बूट हवेत. ज्या पाचोळ्यात गोआना फिरते तिथे विषारी सापही असतात.

ठिकाणासाठी फार डोकं चालवावं लागत नाही. क्वीन्सलंडमधलं क्गारी बेट (पूर्वीचं फ्रेझर बेट), सिडनीच्या दक्षिणेचं रॉयल नॅशनल पार्क, व्हिक्टोरियातला ईस्ट गिप्सलंडचा जंगलपट्टा, मरे नदीकाठची रेड गमची जंगलं, या सगळीकडे ती आहे. उत्तरेला केप यॉर्कपासून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यापर्यंत तिचा पसारा आहे.

पायरी १: आधी झाड बघा, मग प्राणी

जमिनीवर शोधायला सुरुवात केलीत तरी नजर खोडांवर ठेवा. चाहूल लागली की लेस मॉनिटर जवळचं झाड गाठते, आणि तिथे तिची एक ठरलेली चाल आहे. तुम्ही ज्या बाजूला असाल त्याच्या विरुद्ध बाजूला ती सरकते आणि खोड मध्ये ठेवते. तुम्ही फेरा घालाल तशी तीही फिरते. म्हणून दोघं असाल तर एकाने जागेवर थांबायचं आणि दुसऱ्याने लांबून, सावकाश वळसा घालायचा. एकटे असाल तर सरळ दहा-पंधरा मीटर मागे जाऊन शांत बसा. काही वेळाने ती स्वतःच डोकं बाहेर काढते.

ही चालसुद्धा ओळखीची खूण आहे. वाळूतली गोआना घाबरली की बिळाकडे धावते, लेस मॉनिटर वर चढते.

पायरी २: लांबी आणि शेपटी

लेस मॉनिटर ही पेरेन्टी नावाच्या घोरपडीनंतर ऑस्ट्रेलियातली दुसऱ्या क्रमांकाची मोठी सरडवर्गी प्रजाती. शेपटीसकट लांबी सुमारे २ मीटरपर्यंत जाते. वजनाची नोंद १४ किलोपर्यंत आहे, पण असे धिप्पाड नर क्वचित दिसतात.

डोळ्यांनी लांबी मोजताना माणूस नेहमी जास्त सांगतो, कारण शेपटी फसवते. त्यासाठी ही युक्ती वापरा. प्राणी खोडावर असताना फोटो काढा. नाक कुठे होतं आणि शेपटीचं मूळ कुठे होतं, हे सालीवरच्या एखाद्या गाठीवरून किंवा डागावरून लक्षात ठेवा. तो निघून गेल्यावर (दुसऱ्या झाडावर गेला, याची खात्री करून) त्या दोन खुणांमधलं अंतर मोजपट्टीने घ्या. शेपटी डोकं-धडाच्या लांबीच्या साधारण दीडपट असते. म्हणजे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ५० सेंटिमीटर भरलं, तर शेपटी सुमारे ७५ आणि एकूण प्राणी सव्वा मीटरचा. खुणा फार उंचावर असतील तर मोजायचा हट्ट सोडा, झाडावर चढू नका.

आता शेपटीचा आकार. मुळाशी ती जाड आणि गोलसर असते. पुढे दोन्ही बाजूंनी चपटी होत जाते आणि टोकाला बारीक होते. चढताना ही लांब शेपटी तोल सांभाळते. अंगावर आलेल्या शत्रूवर ती आडवी फिरवून जोरात मारताही येते. शेपटीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा वाढते, मॉनिटर कुळात ती सोय नाही. टोक गेलं की ते कायमचं गेलं. त्यामुळे तुटक्या टोकाचा प्राणी पुढच्या वर्षीही त्याच खुणेवरून ओळखता येतो.

शेपटीवर जखमा का असतात, याचंही एक कारण सांगण्याजोगं आहे. ब्रश टर्की नावाचा तिथला पक्षी पालापाचोळ्याचा मोठा ढीग रचून त्यात अंडी उबवतो. लेस मॉनिटर तो ढीग उकरून अंडी खाते, आणि नर टर्की मागून तिच्या शेपटीला चोची मारत राहतो. ढिगात अर्धं अंग खुपसलेली गोआना आणि मागे संतापलेला पक्षी हे दृश्य पाहायला मिळालं तर दुर्बीण शेपटीवर रोखा, जखमांचा उगम तिथेच दिसेल.

तुलनेसाठी न्यू गिनीतली क्रोकोडाइल मॉनिटर घ्या. तीही मोठी आणि झाडावर राहणारी. तिची शेपटी एकूण लांबीच्या जवळजवळ दोन तृतीयांश भरते. लेस मॉनिटर त्या टोकाला गेलेली नाही. ती जमिनीवरही भरपूर चालते, आणि तिची शेपटी या दोन्ही कामांसाठी बनलेली आहे.

पायरी ३: पाय आणि नख्या

चारही पायांना पाच-पाच बोटं आणि प्रत्येक बोटाला लांब, बळकट, वाकडी नखी. मागच्या पायाचं चौथं बोट सगळ्यांत लांब असतं, दुर्बिणीतून ते सहज कळतं. चढताना बघा: पुढचे पाय अंगापासून बाहेर पसरून ती खोडाला कवेत घेते, नख्या सालीत रुततात आणि धड खोडाला जवळजवळ चिकटलेलं राहतं. वजन झाडाकडे ठेवल्यामुळे एवढा अवजड प्राणी उभ्या खोडावर टिकतो.

नख्यांच्या खुणा झाडावर राहतात. गुळगुळीत सालीच्या निलगिरीवर उभ्या-तिरप्या ओरखड्यांच्या ओळी दिसल्या तर थांबा आणि वर बघा. पोसमसारखे झाडावर चढणारे प्राणीही असे ओरखडे काढतात, तेव्हा नुसत्या ओरखड्यांवरून निकाल देऊ नका. ओरखडे, ढोलीचं तोंड आणि त्याभोवतीची घासून गुळगुळीत झालेली साल हे तिन्ही एकत्र असलं तर त्या झाडाजवळ थांबण्यात अर्थ आहे.

पायरी ४: डोकं, गळा, जीभ

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या.

सुरुवात हनुवटीपासून करा. काळ्या अंगाच्या नेहमीच्या रूपात नाकाडावर काळे आणि पिवळे आडवे पट्टे असतात आणि ते खाली हनुवटी व गळ्यावर उतरतात. खोडावर चढलेल्या प्राण्याचा गळा खालून दिसतो, त्यामुळे ही खूण हमखास सापडते.

डोळ्यांना हलणाऱ्या पापण्या असतात. डोळ्याच्या मागे कानाचं छिद्र उघडं दिसतं. त्यानंतर जीभ: लांब, टोकाशी दुभंगलेली, सारखी आत-बाहेर होणारी. ती हवेतले आणि जमिनीवरचे वासाचे कण गोळा करून टाळूतल्या, वास ओळखणाऱ्या जेकबसन इंद्रियाकडे पोचवते. जीभ दुभंगलेली असल्यामुळे डावीकडचा आणि उजवीकडचा वास वेगळा कळतो आणि दिशा ठरवता येते. वहीत एक नोंद करा: चालताना जीभ किती वेळा बाहेर येते आणि ऊन खाताना किती वेळा. शिकारीवर असलेला प्राणी कसा वागतो, हे त्या फरकातून दिसतं.

गळा मधूनमधून फुगतो आणि बसतो. त्यामागे दोन कारणं असू शकतात. एक इशाऱ्याचं: गळा फुगवून, जोरात फुत्कार टाकून ती “लांब राहा” असं सांगते. दुसरं श्वासाचं. सरडे पळताना धड दोन्ही बाजूंना वळवतात, त्यामुळे त्याच वेळी छातीने श्वास घेणं अवघड जातं. मॉनिटर कुळाने यावर उपाय काढला आहे, गळ्याच्या स्नायूंनी हवा फुप्फुसात ढकलण्याचा. आफ्रिकेतल्या सव्हाना मॉनिटरवर १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे दाखवून दिलं. म्हणून भरभर चालून आलेल्या गोआनाचा गळा हलताना दिसला तर ती चिडली आहे असं लगेच समजू नका. फुत्कार आहे का, अंग फुगवलं आहे का, शेपटी ताणून धरली आहे का, हे बघा. इशारा असेल तर या खुणा सोबत येतात.

दात बहुधा दिसणार नाहीत, आणि जवळून दिसावेत अशी वेळही येऊ नये. ते मागे वळलेले, बाजूंनी चपटे आणि धारदार असतात. लहान भक्ष्य ती सबंध गिळते, मोठं मेलेलं जनावर ओढून फाडते. २००६मध्ये ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडलं, की लेस मॉनिटरच्या खालच्या जबड्यातल्या ग्रंथींत विषारी प्रथिनं तयार होतात. भक्ष्य मारण्यात त्यांचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. आपल्यापुरता अर्थ एवढाच, की हिचा चावा हलक्यात घेऊ नये.

पायरी ५: कातडी

खवले बारीक आणि मण्यांसारखे शेजारी-शेजारी बसलेले असतात, सापाच्या खवल्यांप्रमाणे एकमेकांवर चढलेले नसतात. मानेवर आणि काखेजवळ कातडी सैल असते, तिथे घड्या दिसतात. कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. एखाद्या भागाचा रंग मळकट आणि शेजारचा ताजा दिसला तर तो आजार समजू नका, कात टाकणं चालू असेल.

पायरी ६: आता रंग

नेहमीचं रूप गडद करडं ते निळसर काळं. त्यावर दुधी-पिवळसर ठिपके विखुरलेले असतात, काही ठिकाणी ते ओळींत येतात. शेपटीवर काळे आणि दुधी पट्टे असतात, टोकाकडे जाताना ते रुंद होतात.

दुसरं रूप ‘बेल्स’ रूप म्हणून ओळखलं जातं. त्यात धडावर आणि शेपटीवर काळ्या-पिवळ्या रुंद पट्ट्यांचा ठसठशीत क्रम असतो. हा रंग ग्रेट डिव्हायडिंग रेंज या पर्वतरांगेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या भागात जास्त आढळतो, क्वीन्सलंडमधल्या मिचेलपासून न्यू साउथ वेल्समधल्या बर्कपर्यंत. हा फरक इतका ठळक आहे, की १८३६मध्ये ड्युमेरिल आणि बिब्रॉन या प्राणिशास्त्रज्ञांनी ही वेगळीच प्रजाती मानली होती. मूळ प्रजातीचं वर्णन मात्र १७९०चं, सिडनीत वसाहत करायला आलेल्या पहिल्या ब्रिटिश ताफ्यासोबत आलेले शल्यचिकित्सक जॉन व्हाइट यांच्या नावावर आहे. आज दोन्ही रूपं एकाच प्रजातीची मानतात.

पिल्लांचे पट्टे मोठ्यांपेक्षा जास्त रेखीव असतात: मानेवर पाच अरुंद काळे पट्टे आणि धडावर आठ. वय वाढेल तशी ही नक्षी पुसट होत जाते. म्हणून लहान, चकचकीत पट्टेदार प्राणी दिसला की “ही दुसरीच जात” असं म्हणण्याआधी पायरी २ ते ४ पुन्हा तपासा.

पायरी ७: सारख्या दिसणाऱ्यांना बाजूला काढा

पेरेन्टीशी गोंधळ होण्याचं कारण नाही, ती मध्य आणि पश्चिमेच्या वाळवंटी भागातली. खरा गोंधळ दोघींशी होतो.

सँड गोआना, म्हणजे वॅरॅनस गौल्डी: शेपटीचं टोक बघा. तिच्या शेपटीचा शेवटचा भाग साधा पिवळसर असतो, पट्टे तिथे पोचत नाहीत. डोळ्यातून मागे जाणारी गडद रेघही तिला असते. लेस मॉनिटरला अशी रेघ नसते.

हीथ मॉनिटर, म्हणजे वॅरॅनस रोझेनबर्गी: ही अवघड. सिडनीच्या वालुकाश्माच्या भागात दोघीही आहेत, आणि हिच्या शेपटीचे पट्टे टोकापर्यंत जातात. इथे शेपटीवर विसंबू नका. हिलाही डोळ्यातून गडद रेघ असते, पाठीवर बारीक आडव्या ओळी असतात, आकार लहान असतो आणि वावर मुख्यतः जमिनीवर. नाकाड-हनुवटीवरचे जाड काळे-पिवळे पट्टे आणि उंच खोडावर सहज चढणं या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर लेस मॉनिटर म्हणा.

नर की मादी?

बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. नर मोठे होतात, त्यामुळे फारच धिप्पाड प्राणी बहुधा नर असतो, पण मध्यम आकाराचा कोणीही असू शकतो. नराचं जननेंद्रिय, हेमिपेनिस, जोडीने असतं आणि एरवी शेपटीच्या मुळाशी आत दडलेलं राहतं. उन्हाळ्यात एका मादीभोवती अनेक नर जमलेले दिसले, तर तेवढ्यापुरता अंदाज बांधता येतो.

याच अवयवाचा भारतात काळा व्यापार चालतो, आणि तो मराठी वाचकाला माहीत असायला हवा. पूजासाहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन ‘हत्ता जोडी’ नावाची दोन हात जोडल्यासारखी दिसणारी ‘दुर्मीळ मुळी’ विकली जाते. ती मुळी नसून घोरपडीचं वाळवलेलं हेमिपेनिस असतं. त्यासाठी घोरपडी मारल्या जातात. भारतात घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. अशी वस्तू घरात ठेवणंही गुन्हा आहे. कुणी देऊ केली तर घेऊ नका, आणि वनविभागाला कळवा.

वारूळ दिसलं तर

झाडाच्या फांदीवर किंवा खोडावर वाळवीचं मोठं, मातकट वारूळ दिसलं तर त्यावर नजर ठेवा. मादी नख्यांनी ते कोरून आत अंडी घालते, साधारण ४ ते १४. वाळवी भोक पुन्हा बुजवते, आणि आतलं उबदार, दमट वातावरण अंड्यांना सांभाळतं. आठ महिने किंवा त्याहून अधिक काळानंतर मादी परत येऊन वारूळ फोडते आणि पिल्लांना वाट करून देते, अशी निरीक्षणं झाली आहेत. वारुळावर ताजं कोरलेलं किंवा नुकतंच बुजलेलं भोक दिसलं तर लांबूनच फोटो घ्या. हात लावू नका, तिथे काठीही घालू नका.

अंतर आणि अन्न

किमान पाच मीटर अंतर ठेवा. ती चालत तुमच्याकडे आली तर पळू नका, बाजूला व्हा. घाबरलेल्या गोआनाला जे उंच दिसेल ते झाड वाटू शकतं, म्हणून मोकळ्या जागेत तिला अडवून कडेने घेरू नका. कॅम्पवर खाणं बंद डब्यात ठेवा, मांसाचे तुकडे आणि कचरा उघड्यावर टाकू नका, आणि मुलांच्या हट्टासाठीही तिला काही भरवू नका. माणसाच्या हातून खायला शिकलेला प्राणी पुढे टेबलावर चढतो, आणि मग तो हलवला जातो किंवा त्याहून वाईट होतं.

चावली किंवा ओरबाडलं, तर जखम भरपूर वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवा आणि डॉक्टरकडे जा. नख्यांत आणि दातांत कुजलेल्या मांसाची घाण असते, त्यामुळे जखम लहान दिसली तरी दाखवावीच. जोरात रक्तस्राव असेल तर ऑस्ट्रेलियात ०००ला फोन करा. जखमी गोआना आढळली तर तिला उचलू नका. न्यू साउथ वेल्समध्ये वायर्ससारख्या वन्यजीव बचाव संस्थेला कळवा.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, झाडाचा प्रकार, खोडावरची अंदाजे उंची, मोजलेली किंवा अंदाजे लांबी, शेपटीचं टोक अखंड की तुटलेलं, गळ्याच्या पट्ट्यांचं छोटं रेखाटन, रंगरूप, आणि ती काय करत होती. फोटो किमान तीन हवेत: बाजूने सबंध प्राणी, खालून गळा, आणि शेपटीचं टोक. नुसत्या चेहऱ्याच्या फोटोवरून नंतर काहीच पक्कं सांगता येत नाही.

नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. अंडी असलेल्या वारुळाची नोंद करत असाल तर ठिकाण धूसर ठेवण्याचा पर्याय निवडा. व्हिक्टोरियात ही प्रजाती धोक्यातल्या यादीत आहे, त्यामुळे तिथली प्रत्येक नीट केलेली नोंद उपयोगाची ठरते, विशेषतः पिल्लांची. पिल्लं अगदी कमी वेळा दिसतात. ती दिसली तर बाकीच्या पायऱ्या सोडा, आधी मानेचे आणि धडाचे पट्टे मोजून घ्या.